न जुळलेल्या अंगठ्या : नववीच्या कलावर्गातील धातुकामाचे एक प्रकरण

फेब्रुवारीतल्या एका दुपारी माझ्या नववीच्या कलावर्गातील २४ विद्यार्थ्यांनी स्वतः घडवलेल्या अंगठ्यांना डाक, म्हणजे टोके जोडण्यासाठी वितळवायचा मिश्रधातू, लावली आणि त्यांपैकी केवळ ७ अंगठ्या जुळल्या. १५ अंगठ्या थंड झाल्यावर बोटाच्या दाबाने उघडल्या आणि पितळेच्या दोन अंगठ्यांचा डोळ्यांदेखत गोळा झाला. त्या दिवशी मी माझ्या नोंदवहीत एका विद्यार्थिनीच्या नावापुढे ‘हात कच्चा’ असे लिहिले. पुढील पाच आठवड्यांत ही नोंद चुकीची ठरली. ती का चुकीची ठरली आणि जोड न बसण्याचे खरे कारण कोठे सापडले, याची ही हकीकत आहे. माध्यमिक शाळेत धातुकाम शिकवू पाहणाऱ्या कलाशिक्षकांना तिचा उपयोग होईल असे वाटते, म्हणून ती तपशिलाने मांडत आहे.

पार्श्वभूमी

आमची शाळा तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका मोठ्या गावात आहे. वर्गातील निम्म्याहून अधिक मुले घरी अहिराणी बोलतात आणि काही मुले पायथ्याच्या पाड्यांवरून येतात. खान्देशातील बहुतेक शाळांप्रमाणे आमच्याकडेही चित्रकलेचा तास म्हणजे प्रामुख्याने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांची तयारी असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन आणि भूमिती. या परीक्षांचे महत्त्व मी नाकारत नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात आणि पालक ते विसरत नाहीत. तथापि ज्या जिल्ह्याचे मुख्य शहर सुवर्णनगरी म्हणून देशभर ओळखले जाते, जेथे लग्नसराईत गावोगावची कुटुंबे जळगावच्या सराफ बाजाराची वाट धरतात, तेथील मुलाला दागिना विकत कसा घ्यावा एवढेच ठाऊक असावे आणि तो घडतो कसा हे त्याने कधीही पाहिलेले नसावे, ही गोष्ट मला अनेक वर्षे खटकत होती.

ही कल्पना नवी नाही. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १८९१ पासून कारागिरीच्या कार्यशाळा चालू झाल्या आणि धातुकाम हे कलाशिक्षणाचे अंग मानले गेले. आमच्या घराजवळचे उदाहरण त्याहून बोलके आहे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी तेथील सजावट स्थानिक साहित्यातून उभी केली आणि त्यानंतर वर्षभरातच वर्ध्याला हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची मांडणी झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे सुचवले आहे. मी मुख्याध्यापकांकडे परवानगी मागितली ती याच आधारावर, फक्त वर्ग नववीचा निवडला, कारण ज्योतीशेजारी बसणाऱ्या मुलाला थोडी अधिक समज हवी.

परवानगी काही अटींवर मिळाली. धातू तांबेच असेल, सोने किंवा चांदी शाळेत आणायची नाही. गॅसची ज्योत एकाच मेजावर असेल आणि एका वेळी एकच विद्यार्थी माझ्यासमोर बसेल. चष्मा, सुती कपडे आणि बांधलेले केस या बाबतीत सवलत नाही. ओढणी वर्गाबाहेर ठेवायची. आठवड्याला एक जोडतास, असे बारा आठवडे मिळाले. साहित्य म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची तांब्याची पट्टी, सोनारी करवतीच्या चार चौकटी, कानशी, लाकडी मोगरी, एक छोटी ऐरण आणि लोखंडी गोल सळई. जोडासाठी लागणारी चांदीची डाक गावातल्याच एका निवृत्त कारागिरांनी दिली. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. डाकेतली चांदी मुख्याध्यापकांनी अटीला अपवाद म्हणून मान्य केली, कारण एका अंगठीला तिचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा पुरतो.

पहिले पाच आठवडे

आरंभ करवतीपासून केला. सोनारी करवतीचे पाते केसासारखे बारीक असते आणि त्याचे दात मुठीकडे तोंड करून बसवावे लागतात, म्हणजे करवत खाली ओढताना कापते आणि वर नेताना मोकळी राहते. मुलांनी पहिल्या तासात ३१ पाती मोडली. पाते मोडते ते जोर लावल्याने आणि वळणावर हात थांबवल्याने. वळण घेताना करवत जागच्या जागी वर-खाली चालत ठेवून पत्रा फिरवायचा असतो, हे एकदा हाताला समजले की मोड थांबते. तिसऱ्या तासाला पाती मोडण्याचा आकडा सहावर आला.

त्यानंतर ताव देणे. तांबे ठोकले किंवा वाकवले की कडक होत जाते; त्याला मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात सोडले की ते पुन्हा मऊ पडते. पोलाद असे तापवून पाण्यात बुडवले तर उलट कडक होते, हे शेतकऱ्यांच्या मुलांना लोहाराच्या भात्यावरून माहीत होते, त्यामुळे तांब्याचे वागणे पाहून त्यांना खरोखर आश्चर्य वाटले. मुले घरून तारांचे तुकडे आणू लागली तेव्हा एक गोष्ट मात्र कडकपणे थांबवावी लागली : कुंपणाच्या तारेवर जस्ताचा मुलामा असतो आणि ती तापवली की निघणारा धूर ताप आणतो. अशी तार ज्योतीजवळ येऊ द्यायची नाही.

ज्या विद्यार्थिनीचा वर उल्लेख केला, ती या पाच आठवड्यांत सर्वांत शांतपणे काम करणाऱ्यांपैकी होती. तिची करवत सरळ चालत असे. चौथ्या आठवड्याला तिने मला विचारले होते, “सर, अंगठीची पट्टी किती लांब कापू?” मी घाईत उत्तर दिले, “व्यास गुणिले पाय (π).” पुढे जे बिघडले त्याची सुरुवात या अर्धवट उत्तरात होती.

जे घडले

सहाव्या आठवड्यात डाक लावायची होती. जानेवारीत मी स्वतः चार अंगठ्या जोडून दाखवल्या होत्या आणि चारही नीट बसल्या होत्या. ते प्रात्यक्षिक सामानाच्या खोलीत झाले होते. मुलांच्या वेळी धुराला वाट मिळावी म्हणून मेज पश्चिमेच्या व्हरांड्यात मांडले आणि दुपारी अडीचला काम सुरू केले. फेब्रुवारी असला तरी आमच्याकडचे ऊन त्या वेळी पांढरे असते. व्हरांड्याच्या फरशीवरून त्याचा परतलेला उजेडही डोळ्यांवर येतो.

पद्धत नेहमीची होती. जोडाला सवागीचे (टाकणखाराचे) पाणी लावायचे, त्यावर डाकेचा तुकडा ठेवायचा, ज्योत द्यायची, डाक वितळून रेषेत धावली की थांबायचे. ज्योत घेऊन बसलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने ती थेट डाकेवर रोखली. डाक गोळी होऊन एका बाजूला चिकटली किंवा खाली घरंगळली. दोन मुलांनी घरून पितळेची पट्टी आणली होती आणि मी ती वापरू दिली. पितळ ९०० अंशांच्या थोडे पुढेच वितळते, तर तांबे १०८५ अंशांपर्यंत टिकते. उन्हात धातूचा रंग दिसत नसल्याने पितळ कधी लाल झाले आणि कधी ओघळले हे मलाही कळले नाही. त्यातही जस्त असते हे मी त्या क्षणी ध्यानात ठेवायला हवे होते.

त्या विद्यार्थिनीने तीन वेळा डाक लावली आणि तिन्ही वेळा जोड उघडला. तिसऱ्या वेळी ती एवढेच म्हणाली, “मना हात नही बसत, सर.” तिने चष्मा काढून ठेवला आणि उरलेला तास ती फळा पुसत, हत्यारे गोळा करत राहिली. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा चित्रकलेची वही काढली. तिच्या वडिलांचा निरोपही त्याच सुमारास आला की मुलीला एलिमेंटरीची तयारी करू द्यावी, सोनारकाम शिकून तिला कोणत्या पेढीवर बसायचे आहे. या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नव्हते. आमच्या गावातील पेढ्यांमागे ऐरणीपाशी बसलेली बाई मी आजवर पाहिलेली नाही, आणि हे काम एका जातीचे, तेही पुरुषांचे, हा समज मुलांच्या मनातही पक्का होता. जोड न बसणे आणि ‘हे काम आपले नव्हे’ असे वाटणे, या दोन गोष्टी तिच्या मनात एक झाल्या होत्या, आणि माझ्या नोंदीने त्यावर शिक्का मारला होता.

कारणाचा शोध

मी आप्पांना शाळेत बोलावले. ते व्हरांड्यात आले, मेजापाशी क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, “आठे उजेड भलता से, सर. रंग कसा दिखी?” सोनाराचा ठिय्या अर्धवट अंधारात का असतो, हे मला तेव्हा प्रथमच नीट उमगले. तापलेला धातू काळोखात ५०० अंशांच्या थोडे पुढे गेल्यावर पुसट लाल दिसू लागतो. उघड्या उन्हात तोच धातू त्याहून कितीतरी अधिक तापला तरी डोळ्याला काळाच भासतो. रंग हेच ज्याचे तापमापक आहे त्या कारागिराचे डोळे आम्ही जणू बांधून टाकले होते.

नंतर त्यांनी उघडलेल्या अंगठ्या एकेक करून खिडकीसमोर धरल्या. बहुतेक सर्व जोडांतून उजेड आरपार येत होता. डाक फट भरत नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले असतील तरच ती केशाकर्षणाने त्यांच्यामध्ये ओढली जाते. फट कोठून आली हे शोधताना माझे अर्धवट उत्तर समोर आले. अंगठीचा आतला व्यास १७ मिलिमीटर धरून मुलांनी ५३.४ मिलिमीटर पट्टी कापली होती. पट्टी वाकते तेव्हा आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते आणि मूळ लांबी मधल्या थरातच टिकते, म्हणून हिशेबात व्यासामध्ये पट्टीची जाडी मिळवावी लागते. १८.२ ला पायने गुणले की ५७.२ मिलिमीटर येतात. जवळजवळ ४ मिलिमीटर आखूड पट्टी सळईभोवती बसेना, म्हणून मुलांनी ती बोटांनी दाबून टोके जुळवली होती. त्यामुळे टोकांच्या आतल्या कडा तेवढ्या टेकत आणि बाहेरच्या बाजूला पाचरीच्या आकाराची फट उरे. शिवाय दाबून वाकवलेल्या पट्टीत ताण असतो. ज्योतीने धातू मऊ पडला की तो ताण सुटतो आणि टोके आपोआप दूर सरकतात. गणिताच्या शिक्षकांनी हा हिशेब नंतर स्वतःच्या तासाला घेतला आणि मधला थर फळ्यावर काढून दाखवला.

तिसरे कारण ज्योतीच्या वापरात होते. आप्पांनी एक अंगठी विटेवर ठेवली, ज्योत जोडापासून लांबच्या बाजूला लावली आणि ती सावकाश गोल फिरवत म्हणाले, “डाक तपाडू नका पोरंहो, दागिना तपाडा. डाक आपोआप पयी.” डाक पळते ती उष्णतेच्या दिशेने. तांबे उष्णता इतक्या झपाट्याने पसरवते की केवळ जोडावर ज्योत धरली तर उरलेली अंगठी ती शोषून घेते, डाकेचा तुकडा एकटा वितळतो आणि खालचा धातू थंडच राहतो. सगळी अंगठी सारखी तापली की डाक एका क्षणात रेषेत उतरते. तो क्षण मुलांनी पाहिला तेव्हा वर्गात कोणी बोलले नाही.

तीन कारणांपैकी कोणते किती जबाबदार, हे जाणून घेण्याची मला गरज वाटली, कारण पुढच्या वर्षी वेळ कशावर द्यायचा हे त्यावर ठरणार होते. म्हणून ज्योतीची पद्धत आप्पांची कायम ठेवून बारा अंगठ्या चार प्रकारे जोडल्या. जोड नीट बसवलेला आणि काम सावलीत : तीनपैकी तीन जुळल्या. जोड नीट पण काम उन्हात : तीनपैकी दोन. जोडात फट आणि काम सावलीत : तीनपैकी एक. फटही आणि ऊनही : एकही नाही. बारा नगांवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, तरी आमच्या वर्गापुरते एवढे स्पष्ट झाले की ज्योत हातात घेण्यापूर्वीच्या कामात दोष अधिक होता. ज्या कौशल्याबद्दल मी मुलीच्या हाताला दोष दिला होता, त्याची परीक्षा घेण्याची वेळच आलेली नव्हती.

दुसरी फेरी

बदल थोडेच केले. पट्टीची लांबी जाडीसह मोजायची. टोके जुळवल्यावर त्या जोडातूनच करवतीचे पाते एकदा फिरवायचे, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग आपोआप समांतर होतात, आणि मग ते पुन्हा टेकवायचे. टोके आधी एकमेकांच्या पुढे नेऊन मागे आणायची, म्हणजे पट्टीचा ताण जोड मिटवण्याच्या बाजूने काम करतो. ज्योतीपाशी येण्यापूर्वी प्रत्येकाने अंगठी उजेडासमोर धरायची. उजेड दिसला तर परत कानशीकडे. बोटांचे तेल राहू नये म्हणून जोड घासल्यावर त्याला हात लावायचा नाही. आणि पितळ बंद.

उजेडाचा प्रश्न आप्पांनी सोडवला. मी गोणपाटाचे पडदे लावण्याच्या विचारात होतो, पण ज्योतीजवळ गोणपाट ही कल्पना त्यांनी तत्काळ मोडून काढली. त्यांनी १५ किलो तेलाचा रिकामा डबा आणवला, त्याची एक बाजू कापून धारा मोडून घेतल्या आणि बाहेरचा रंग खरवडून तो आडवा ठेवला. आत भट्टीची वीट. मेज व्हरांड्यातच राहिले, वारा आडला, धूर बाहेर जात राहिला आणि डब्याच्या पोटात पुरेसा काळोख झाला.

सवागीकडे पाहण्याची सवय हा मला सर्वांत मोलाचा बदल वाटतो. सवागी तापली की प्रथम तिच्यातले पाणी निघून जाते आणि ती लाहीसारखी फुगते. नंतर खाली बसते. आणि ७४० अंशांच्या आसपास काचेसारखी वितळून चमकते. आमची डाकही जवळपास त्याच वेळी पळते. त्यामुळे रंग ओळखण्याचा सराव नसलेल्या मुलालाही ‘फुगली, बसली, चमकली’ या तीन खुणांवरून ज्योत केव्हा जवळ आणायची आणि केव्हा काढायची हे कळते. मुलांनी हे शब्द खडूने डब्यावर लिहून ठेवले.

जोडलेल्या अंगठ्या काळ्या पडतात. त्या स्वच्छ करायला बाजारात तीव्र आम्ल वापरतात. आम्ही कोमट पाण्यात लिंबूसत वापरले आणि वेळ थोडा अधिक दिला. त्यात लोखंडी चिमटा बुडवायचा नाही, बांबूचा वापरायचा, कारण वापरलेल्या पाण्यात उतरलेले तांबे लोखंडाच्या स्पर्शाने डाकेच्या चंदेरी रेषेवर बसते आणि ती लाल होते. शेवटची जिलई रिठ्याच्या पाण्याने आणि पितळी ब्रशने केली. या फेरीत २३ पैकी १९ अंगठ्या जुळल्या. चोविसावी अंगठी त्या विद्यार्थिनीची होती, आणि ती त्या दिवशी ज्योतीपाशी बसली नाही.

हांसळी

त्या आठवड्यात मी तिच्याशी दोन गोष्टी बोललो. तिची आखूड पट्टी माझ्या उत्तरामुळे आखूड झाली होती हे तिला सांगितले, आणि नोंदवहीतली ओळ तिच्यासमोर खोडली. तिने ऐकून घेतले, उत्तर दिले नाही. मात्र पुढच्या तासाला तिने वहीत एक चित्र काढून आणले. ते तिच्या आजीच्या गळ्यातील चांदीच्या हांसळीचे होते. सातपुड्याच्या पट्ट्यात अशा भरीव हांसळ्या, कडी आणि साखळ्या अजून घराघरांत आहेत, आणि होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात त्या अंगावर दिसतात. चित्राखाली तिने लिहिले होते : ‘मध्ये जाड, टोकांना बारीक. जोड कोठेही नाही.’

ही नोंद तिची स्वतःची होती आणि ती अचूक होती. आजीची हांसळी एका कांबीतून ठोकून काढलेली आहे. तिची टोके मोकळी आहेत आणि ती धातूच्याच कडकपणावर गळ्यात टिकते. जोडकामाच्या मागे लागून मी वर्गाला धातूचा हा दुसरा स्वभाव दाखवलाच नव्हता. तिने ४ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार मागितली आणि मोकळ्या टोकांचे कडे घडवायला घेतले. ठोकायचे, कडक झाले की ताव द्यायचा, पुन्हा ठोकायचे. टोके निमुळती करताना तिने सात वेळा ताव दिला आणि प्रत्येक ताव वहीत लिहिला. शेवटचा ताव मुद्दाम दिला नाही, कारण कडे मऊ राहिले तर घालता-काढताना वेडेवाकडे होईल, हे तिने स्वतःच ओळखले. त्यानंतर तिने राहिलेली अंगठी घेतली, डब्यापाशी बसली आणि पहिल्याच ज्योतीत जोडली.

गुणांच्या बाबतीत एक पेच उरला. कलेच्या गुणांमध्ये तयार वस्तूला महत्त्व असते. मी निम्मे गुण वहीतील नोंदींना दिले, म्हणजे काय तुटले, का तुटले असे वाटते आणि पुढच्या वेळी काय बदलले. काही पालकांना हे पटले नाही, कारण चकचकीत अंगठीपेक्षा उघडलेल्या अंगठीच्या नीट नोंदीला कधी अधिक गुण मिळाले. मी तो निर्णय बदललेला नाही. त्या मुलीने एलिमेंटरीही दिली आणि तिच्या वडिलांनी वर्गाबद्दल पुन्हा निरोप पाठवला नाही. त्यांचे मत बदलले, असा त्याचा अर्थ मी काढत नाही.

कडे ती घरी घेऊन गेली आणि सोमवारी परत घेऊन आली. आजीने ते घालून पाहिले होते, पण हाताच्या पंज्यावरून मनगटापर्यंत ते जाईना. पंज्याचे माप तिने दोऱ्याने घेऊन आणले होते. मधल्या सुटीत तिने डब्यातली वीट सरळ केली, चष्मा लावला, मला समोर बसायला सांगितले आणि कड्याला आठवा ताव दिला.